बुजवलेली फट

मित्रांनो, मी पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यातला जुना पोलादी पूल आहे. माझ्या एका बाजूला विटांची दुमजली इमारत. तिथे मूर्ती घडतात. दुसऱ्या बाजूला नवी उंच इमारत. तिथे त्या रंगतात.

मला बसवताना दिनानाथ इंजिनिअरांनी माझं नव्या इमारतीकडचं टोक बोल्टांनी घट्ट केलं. जुन्या इमारतीकडचं टोक नुसतं टेकवलं आणि भिंतीपासून चार बोटं फट ठेवली. ते मालकांना म्हणाले, "भूकंपात उंच इमारत वेगळी डुलते, ठेंगणी वेगळी. पुलाला सरकायला जागा हवी. ही फट बुजवू नका." मीही ते ऐकलं होतं.

पण त्या फटीवरून मूर्तींची गाडी गेली की धक्का बसे. एकदा एका गणपतीची सोंडच गळून पडली. डोळ्यांची आखणी करणारी शांती वैतागली. मूर्तींचे सांधे बुजवणाऱ्या नाथाला म्हणाली, "नाथादादा, मूर्तीचा एक सांधा दिसू देत नायस, आणि ही फट बरी चालते तुला?"

"थांब गो, आत्ता नायशी करतो!"

नाथाने सिमेंट भरलं, घासलं, वर रंग दिला. गाडी सुळकन जाऊ लागली. "पूल कसा मूर्तीसारखा झालाय!" लोक म्हणत. उन्हात तापून मी लांबायचो, तेव्हा ते सिमेंट टोचायचं. तरी कौतुकाने मी सुखावलो होतो.

गणपतीला महिना उरला असताना एका सकाळी जमीन हलली. धक्का लहानच होता. पण नवी इमारत डुलली, तिने मला ढकललं आणि मी जुन्या भिंतीला. विटा कोसळल्या. मूर्ती न्यायला आलेल्या शांतीचा उजवा हात त्यांखाली चिरडला.

काही दिवसांनी नाथा छिन्नीने फट मोकळी करताना रडत होता. हाताला पट्टी बांधलेली शांती म्हणाली, "रडतोस काय रे? मीच तर सांगितलं होतं तुला."

मला कुणीच दोष दिला नाही. ते फार लागलं.

आता फटीवर एक पत्रा आहे, एकाच बाजूने बसवलेला. गाडीला धक्का बसत नाही आणि मला सरकता येतं. एवढंच करायचं होतं! शांती आता मुलींच्या शेजारी बसून आखणी शिकवते. कुंचला मात्र ती हातात धरत नाही.

मित्रांनो, दोन इमारतींमधल्या पुलाच्या टोकाला फट दिसली, तर तिच्यात काही कोंबू नका. कुणी ती बुजवत असेल, तर थांबवा. मला बोलता येत नव्हतं, असं मी स्वतःला समजावतो. खरं तर, कौतुक ऐकताना मला बोलावंसं वाटलंच नव्हतं. तुम्ही मात्र बोला.