तपासणीचा फोन

मी एक जुना, काच तडकलेला मोबाईल आहे. मित्रांनो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या डुलुथ या बर्फाळ गावात शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईंनी मला हौसेने घेतले, चारचौघांत मिरवले आणि नवा फोन येताच मोडीत काढले. तिथून मी वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसच्या खणात येऊन पडलो.

एके दिवशी सोल्वेग लुंड नावाच्या बाईने मला बाहेर काढले. लोकांना पडद्यावर जे दिसते आणि दाबता येते, ते घडवणाऱ्या गटाची ती नवी प्रमुख. तिने मला पुसले, चार्जिंगला लावले. माझ्या मनात शंका आली. उगाच कोण कुणाला पुसते?

तिने माझ्यावर तिच्या गटातल्या वेंडेलने बनवलेले वेबसाइटचे पान उघडले. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात जायला गाडी मागवता यावी, म्हणून ते होते. वेंडेलच्या मोठ्या पडद्यावर ते झळकत असे. माझ्यावर मात्र कितीतरी वेळ नुसते पांढरे राहिले, आणि उघडले तेव्हा गाडी मागवण्याचे बटणच दिसेना.

वेंडेल भडकला. "माझी चूक काढायलाच हे डबडं उकरून काढलंस ना?"

"चूक तुझ्या एकट्याची नाही, आपली आहे," सोल्वेग म्हणाली.

'आपली'! शब्द मोठा गोड. पण साहेब समोर आले की त्याचे 'त्याची' व्हायला वेळ लागत नाही.

साहेब आलेच. रस्क त्यांचे नाव. "उद्या उद्घाटन आहे. आता कुठे अडलं? कोणी घातला घोळ?"

वेंडेलने मान खाली घातली. मी टेबलावर पालथा पडून ऐकत होतो.

"तपासायचं काम माझं होतं," सोल्वेग म्हणाली. "उशीर माझ्या नावावर घाला."

"अगं, चार म्हाताऱ्यांच्या मोडक्या फोनांसाठी सगळं थांबवायचं?"

"ज्यांना गाडी लागते, त्यांच्याच हातात असले फोन आहेत, सर. बटण दिसलं नाही, तर ते बर्फात ताटकळत बसतील."

उद्घाटन पुढे गेले. रस्कसाहेबांनी पुढचे मोठे काम दुसऱ्याच गटाला दिले. आता सोल्वेग वेंडेलवर राग काढणार, याची मला खात्री होती. मी कान टवकारले. पण तिने त्याच्याशेजारी खुर्ची ओढली. दोघांनी पानातली जड चित्रे काढली, बटण वर आणले. मी ते पान झटकन उघडले, तेव्हा वेंडेल ओरडला, "अरे, म्हातारा धावला की!"

हल्ली तो कोणी न सांगता नवे पान आधी माझ्यावर उघडतो. तरी मला उचलताना त्याचा हात जरा थांबला, की माझ्या मनात पाल चुकचुकते. माझी बॅटरी फुगत चालली आहे, आणि असा फोन लोक फेकून देतात. ते त्यांनी पाहिले असेलच.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी बनवाल आणि 'झाले तयार' म्हणाल. राग मानू नका, पण माझा त्यावर विश्वास बसणार नाही. ज्याच्यासाठी बनवले, त्याच्या हातात आधी देऊन बघा. बिघडले, तर दोष द्यायला मागे कोण उभे आहे हे वळून बघण्याआधी स्वतः पुढे या. मग मी विश्वास ठेवीन. बहुतेक.