उसने पाय

"ते बाई मानूसच नाही," मारोतराव म्हणाला आणि हातातला अर्धा आलूबोंडा त्याने परत बशीत ठेवला.

समोरून कोकिळाबाई चालली होती. मिशनच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून निघाली, रस्ता ओलांडून माझ्या दुकानामागच्या खड्ड्याकडे. हातात बादली. बादलीत काय होतं ते सांगत नाही, तुम्ही काही खात बसला असाल. वासावरून सांगतो. सडका लसूण, त्यात रॉकेल, आणि त्यात माणसाच्या पोटातलं सगळं.

फवारणीचं ते वर्ष. कापूस डोक्याच्या वर गेला होता, त्यामुळे पंपाची नळी वर धरून कीटकनाशक मारावं लागायचं, आणि मारलेलं सगळं मारणाऱ्याच्याच तोंडावर यायचं. माझा धंदा पंपदुरुस्तीचा. घाटंजी रोडवर मिशनच्या समोर दुकान, शेजारी मारोतरावचं चहाचं हॉटेल. त्या दिवसांत गळका पंप माझ्याकडे यायचा आणि पंपवाला समोर व्हरांड्यात ओकत पडलेला असायचा. दोघांचं तोंड एकाच वेळी खराब. मोठा दवाखाना यवतमाळला, तिथे नेईपर्यंत सगळी घाण मिशनमध्ये. आणि ती काढायला एकटी कोकिळाबाई.

"मानूस नाही तं काय आहे?" मी विचारलं.

"संत म्हन, पीर म्हन, तुले जे म्हनाचं ते म्हन. तोंड पाह्यलं का तिचं? ओकारी उचलते अन् तोंड असं, जसं पोळ्या लाटून राह्यली."

"किळस सगळ्यायले येते, मारोतराव. मले तुमचा चहा पेतानी रोज येते."

"तिले नाही येत. लाव शर्त."

"लावली. तिच्या तोंडातून ‘शी’ काढून दाखवतो. मिशनच्या सणाच्या आत."

"अन् नाही निंघाली तं?"

आता हरणाऱ्याने काय करायचं यावर दोन चहा झाले. शेवटी मारोतरावलाच सुचलं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचे पाय भर बाजारात धुवायचे, मिशनचे फादर धुतात तसे.

हे पाय धुण्याचं प्रकरण सांगतो. आमचं मिशन संत फ्रान्सिसचं. पूर्वी तिथे कुष्ठरोगी राहायचे, आणि ऑक्टोबरात संताचा सण आला की फादर बारा कुष्ठरोग्यांचे पाय धुवायचे, पुसायचे, पायाचा मुका घ्यायचे. मग गोळ्या आल्या, कुष्ठरोगी बरे होऊन आपापल्या घरी गेले, आणि मिशनला पाय कमी पडायला लागले. तेव्हापासून सिस्टर रोझलिन सणाच्या आधी गल्लीत पाय मागत फिरतात. हिंदूचे चालतात, मुसलमानाचे चालतात. माझे दरवर्षी जातात. आणि गंमत अशी की धुवायला जाणारे पाय लोक घरून धुऊन नेतात. साबणाने घासून, टाचा दगडाने खरवडून, वर पावडर. एका वर्षी तर मारोतरावच्या पायाला अत्तराचा वास येत होता. फादर बिचारे स्वच्छ पायावर स्वच्छ पाणी ओततात.

शर्त लागल्याच्या दिवसापासून मारोतरावने पाय धुणं बंद केलं. म्हणाला, "तुह्यासाठीच जमा करून राह्यलो." मीही बंद केलं. फक्त जुम्म्याला नमाजाआधी वजू करावाच लागतो, त्यात पाय धुणं आलंच, त्यावरून भांडण झालं.

"तुहे दर हप्त्याले साफ होतीन! हे बेईमानी आहे."

"खुदासमोर घाणेरडे पाय नेऊ का तुह्यासाठी?"

"बरं, धुय बापा. तसाही तू हारनारच आहे. माहे तयार असले म्हंजे झालं."

मारोतरावचे पाय तुम्ही पाहिले नाहीत. टाचेच्या भेगांत सुपारी अडकेल. दोन नखं काळी, बोटांच्या मधोमध पांढरं. ते पाय घेऊन तो रोज मुद्दाम नालीच्या काठाने यायचा आणि मला दाखवायचा.

मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी कोकिळाबाईच्या डब्यात रबराची पाल टाकली. तिने ती बोटांत धरून उचलली, पुसली आणि व्हरांड्यात ओळीने विचारत फिरली, "कोन्या लेकराचं खेळनं राह्यलं हे?" दुसऱ्यांदा एका पंपाच्या टाकीत मेलेला उंदीर सापडला, फुगलेला, खरोखरचा. मी म्हटलं, "कोकिळाबाई, जरा हे टाकी धरा ना." तिने आत पाहिलं, हात घातला, शेपटी धरून उंदीर काढला आणि म्हणाली, "युनूसभाऊ, साबन आहे का? तुमाले हात धुवाले लागन, तुमी हात लावलता ना टाकीले." ‘शी’ नाही. भुवईसुद्धा हलली नाही. मारोतराव पलीकडून पाय हलवून दाखवत होता.

या बाईबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आई कुष्ठाची रोगी, झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावातून कोणीतरी तिला मिशनच्या दारात आणून टाकलं, तेव्हा कोकिळा कडेवर होती. इथेच वाढली, इथेच झाडू धरला. लग्न झालं, नवरा गेला, झाडू राहिला. फ्रान्सिसची गोष्ट मला तिनेच सांगितली होती, माझ्या दुकानात एका पालथ्या पंपावर बसून, आपल्या शेजारगावचा माणूस असावा तशी.

"त्याचा बाप कापडाचा मोठ्ठा व्यापारी होता, युनूसभाऊ. आपल्या कापसावर जे मोठे झाले ना, तसा. पोरगा लाडाचा. कुष्ठाचा मानूस दिसला का नाक दाबे अन् घोडा पलटवे. एक दिवस खाली उतरला, त्या मानसाचा हात धरला अन् मुका घेतला. मंग म्हने, मले जे कडू लागे तेच गोड लागाले लागलं. पुढं बापानं कटकट केली तं भर बाजारात आंगावरचे कपडे काढून बापाच्या पुढ्यात टाकले."

"पागल होता काय?"

"संत होता," ती म्हणाली. मग उठता उठता, "संतायले गोड लागते."

मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्याच आठवड्यात मोठे साहेब आले. कुठले, कोणत्या पक्षाचे, ते विचारू नका, त्या महिन्यात इतके येऊन गेले की मारोतरावने बाकडी रंगवून घेतली. पाठीमागे गाड्या, पुढे कॅमेरा, हातात केळी. साहेब व्हरांड्यात चढले आणि पहिलं काम म्हणजे रुमाल नाकाला. रुमालाला इतका सेंट की ओकणारे आणखी ओकायला लागले. एका पोराच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, तोंडातून लाळ चालली होती. साहेबांनी केळं दोन बोटांत धरून लांबून त्याच्या छातीवर ठेवलं. पोराला कळलंच नाही, केळं घरंगळून खाली गेलं, ओकारीत. साहेब मागे सरकले आणि आपला बूट पाहिला.

मग कोणीतरी कोकिळाबाईला पुढे ढकललं.

"या तर साक्षात संत आहेत," साहेब रुमालातून म्हणाले. "यांच्यासोबत एक घ्या."

फोटोवाल्याने डोळा लावला आणि म्हणाला, "बाई, ते बादली जरा बाजूले करा. फोटोत येऊन राह्यली."

कोकिळाबाईने बादली बाजूला केली. साहेब तिच्या शेजारी उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून, आणि फोटोपुरता रुमाल खाली घेतला. श्वास रोखलेला होता, गाल फुगले होते. फोटो निघाला. गाड्या गेल्या. खोटं कशाला सांगू, व्हरांड्यातल्या वासापेक्षा त्या सेंटच्या वासाने मला मळमळलं.

मला वाटलं, आता बाई चिडलेली असेल, आता ‘शी’ निघेल. तिने खड्ड्यात बादली ओतली आणि दवाखान्याच्या मागे गेली. मी रबराची पाल घेऊन मागोमाग.

मागे जुन्या कुष्ठाश्रमाची पडकी खोली आहे. तिथे फ्रान्सिसचा मातीचा पुतळा उभा आहे, नाक तुटलेलं, खांद्यावर पाखरू. कोकिळाबाई त्या पुतळ्याच्या आडोशाला वाकली होती आणि ओकत होती. आवाज नाही. तोंडात पदराचा बोळा धरून, मग काढून, मग परत. सवयीच्या माणसासारखं. जमिनीवर राखेचा ढीग होता, पायाने राख ओढली, झाकलं. मडक्यातलं पाणी घेतलं, चूळ भरली, कडुलिंबाची दोन पानं चावली. आणि वळली तर समोर मी.

जिंकलो होतो! ‘शी’चं काय घेऊन बसलात, अख्खी ओकारी पाहिली होती. मारोतरावला हाक मारायचीच राहिली होती.

"युनूसभाऊ, कोनाले सांगू नका," ती म्हणाली.

"रोज होते असं?"

"लहानपनापासून. माय हातानं घास भराले आली का मी तोंड फिरवो. तिच्या हाताले बोटं नोते. ते काई म्हने नाही, घास परत ताटात ठेवे." पुतळ्याकडे तिने पाहिलंही नाही. "हा बावा मुका घेऊन गोड झाला. मले अजून कडूच लागते. इतकी वर्सं झाली, एक दिवस गोड नाही लागलं. हे पाप आहे ना भाऊ? वरून सगळे मले संत म्हनते. म्हनून मी चर्चमधी प्रसाद घेत नाही. मागच्या बाकावर बसतो अन् निंघून येतो."

रबराची पाल माझ्या मुठीत होती. मी ती खिशात टाकली. म्हटलं, "लिंबाची पानं चांगली. मारोतरावच्या चहात टाकाले पाह्यजे."

ती हसली नाही.

दोन दिवसांनी सिस्टर रोझलिन पाय मागायला आल्या. केरळच्या बाई, मराठी तशीच. "युनूसभाई, यंदा पण पाय देणार ना?"

मी चप्पल काढून दाखवली. सिस्टर एक पाऊल मागे सरकल्या. "अय्यो! काय झालं पायाला?"

"शर्त आहे सिस्टर. यंदा माफ करा."

"मग अकराच झाले. बाराव्यासाठी आधी मी कोकिळालाच विचारली. फादर पण बोलले, पहिल्यांदा आपल्याच बाईचा पाय धुऊ. ती नाही बोलते. का नाही, ते सांगत नाही. नुसती रडते. तुम्ही सांगून बघा ना, तुमचं ऐकते."

"माहं तं माही बायको नाही ऐकत," मी म्हटलं.

सणाचा दिवस बाजाराच्याच दिवशी आला. दुपारी मारोतरावने खुर्ची आणून बाजाराच्या मधोमध, कांद्याच्या आणि चपलांच्या दुकानांमध्ये मांडली आणि राजासारखा बसला. अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलेलं. फुलचंद बांगडीवाला दुकान सोडून पुढे आला. बाया लेकरं घेऊन आल्या.

"बोल मेकॅनिक. निंघाली का ‘शी’?"

"नाही निंघाली."

"जोरानं बोल! मागच्यायले आयकू नाही आलं."

"हारलो!" मी ओरडलो. बाजाराने टाळ्या पिटल्या.

मी घमेलं ओढून बसलो. मारोतरावने उजवा पाय पुढे केला. त्या दिवशी तो बैलबाजारातून मुद्दाम अनवाणी आला होता. पाय हातात घेतला आणि माझ्या घशात सकाळचा नाश्ता वर आला. भेगांमध्ये शेण, शेणाखाली काळं, काळ्याखाली बोटांच्या मधलं ते पांढरं, ओलं, साबण लागताच आंबलेल्या दह्याचा वास सोडणारं. मी बोट घातलं, पांढरं बोटावर आलं.

"शी!" माझ्याच तोंडातून निघालं. "शी, शी, शी!"

बाजार हसून लोटपोट. "आबे, याचीच निंघाली!" मारोतराव खुर्चीत उड्या मारत होता. मी उठलो, नालीवर गेलो, ओकलो. तोंड पुसलं. परत येऊन बसलो आणि तोच पाय परत धरला, कारण टाच बाकी होती.

वर पाहिलं तर कोकिळाबाई. हातात मेथीची जुडी. सकाळपासून व्हरांड्यातच होती, लुगड्याच्या काठावर डाग, पायांवर फिनाईल आणि वाळलेलं काय काय. ती माझ्याजवळ खाली बसली आणि तांब्या उचलून पाणी ओतायला लागली.

"तोंडानं श्वास घ्या," ती हळू म्हणाली. "नाकानं नका घेऊ. अन् पायाकडं नका पाहू, घोट्याकडं पाहा."

मी घोट्याकडे पाहिलं. खरंच, जरा बरं वाटलं.

"तुमी तं जितलते, युनूसभाऊ."

"चूप राहा. गिऱ्हाईक बसलं आहे."

ती पाणी ओतत राहिली. मारोतरावला ऐकू गेलं नाही, तो फुलचंदला टाळी देत होता.

"लय कडू आहे?" तिने विचारलं.

"लयच. पहिले कडू, मंग अजून कडू. गोडबीड काई नाही लागून राह्यलं, कोकिळाबाई. तुमच्या बावाची जीभ वेगळी असन."

"मंग दुसऱ्यांदा कायले धरला पाय?"

"टाच राह्यलीती ना."

तिने तांब्याची धार थांबवली. मग एकदम हसली, खळखळून, पदर तोंडावर न घेता. त्या बाईला हसताना बाजाराने पहिल्यांदा पाहिलं असावं, कारण मारोतरावही टाळी द्यायची विसरला.

चर्चची घंटा वाजली. बाजाराच्या कडेला, चर्चसमोरच्या बोअरच्या नळावर फादरचे पाहुणे पाय घासत उभे होते, ओळीने, एकमेकांना साबण देत. कोणी टाचा खरवडत होतं, कोणी नव्या चपला पिशवीतून काढत होतं. कोकिळाबाईने तांब्या खाली ठेवला. मेथीची जुडी माझ्या मांडीवर टाकली. "घरी द्या, भाभीले," म्हणाली आणि उठली.

बोअरजवळून ती गेली. कोणीतरी सरकून जागा केली, साबण पुढे केला. तिने मान हलवली आणि तशीच पुढे गेली, फिनाईलच्या, ओकारीच्या, बाजारातल्या धुळीच्या पायांनी, चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या चढून आत. प्रत्येक पायरीवर पाऊल उमटलं.

सिस्टर दारात उभ्या होत्या. "बारा झाले," म्हणत त्या बाजूला झाल्या.

"पाहून काय राह्यला बे?" मारोतराव म्हणाला आणि डावा पाय माझ्या घमेल्यात ठेवला.

मी घोट्याकडे पाहिलं, आणि तोंडाने श्वास घेतला.