चाळीसपैकी तेवीस

सुनेला परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून नोकरीचं पत्र आलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद सासऱ्यांना झाला. पत्रात एक अट होती. इंग्रजीची ठरावीक परीक्षा द्यायची, वाचनाच्या पेपरात चाळीसपैकी निदान तीस मिळवायचे आणि निकाल दोन महिन्यांच्या आत पाठवायचा. नाही पाठवला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं, त्यातला एक स्वल्पविराम पेनाने दुरुस्त केला आणि जाहीर केलं, "शिकवणी लावायची नाही. मी घरात असताना बाहेरचा माणूस कशाला?"

सासऱ्यांनी एका मोठ्या कार्यालयात एकतीस वर्षं मसुदे तपासले होते. खालच्याने लिहिलेलं पत्र वरच्याकडे जाण्याआधी त्यांच्या टेबलावर थांबायचं, आणि जसं आलं तसं कधीच पुढे जायचं नाही. दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडलं नाही, तर ते 'पण'चं 'तथापि' करून पाठवत. कार्यालयात सगळे त्यांना दुरुस्तीसाहेब म्हणत. हे नाव कौतुकाने पडलं आहे ही त्यांची समजूत निवृत्तीच्या दिवसापर्यंत टिकली, कारण ती दुरुस्त करण्याची हिंमत कोणाला झाली नाही.

सुनेने सरावाचं पुस्तक आणलं. व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचनाचे वीस पेपर. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी मागची उत्तरांची पानं पट्टी लावून सरळ रेषेत फाडली आणि आपल्या कपाटात ठेवली.

"मोह नको," ते म्हणाले. "तू सोडवायचं, मी तपासायचं. लागोपाठ तीन पेपरांत तीस आले की फॉर्म भरायचा. त्याआधी नाही."

"बाबा, फॉर्मची शेवटची तारीख..."

"तारीख बघून अभ्यास होत नसतो."

नवऱ्याने मान हलवली. तो ऑफिसात माणसांची मतं जुळवण्याचं काम करायचा आणि घरी आल्यावर वडिलांच्या मताशी स्वतःचं मत जुळवून मोकळा व्हायचा.

पहिल्या पेपरात बावीस आले. दुसऱ्यात तेवीस. तिसऱ्यात पुन्हा तेवीस.

सासरे खोलीचं दार लावून तपासत आणि बाहेर येऊन उभ्यानेच निकाल सांगत. मग चुकांची चर्चा व्हायची. वाचनाच्या पेपरात उताऱ्याखाली काही विधानं दिलेली असतात आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक उत्तर लिहायचं असतं: बरोबर, चूक किंवा उताऱ्यात माहिती नाही. सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं रक्त तपासत होती. नमुना अपुरा असेल तर 'नमुना अपुरा' लिहायचं, अंदाजाने आकडा टाकायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे तिसरं उत्तर तिला सोपं जायचं. सासऱ्यांना मात्र ते उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट वाटायची. कार्यालयात लोकांच्या अर्जांवर 'माहिती उपलब्ध नाही' हा शेरा त्यांनीच हजारो वेळा मारला होता. पण तो दुसऱ्यांसाठी होता.

"हे बघ," चौथ्या पेपराच्या वेळी ते म्हणाले. "दीपगृहाचा रखवालदार बायकोला घेऊन बेटावर राहायला गेला. विधान काय? त्याची बायको बेटावर सुखी होती. तू लिहिलंस, माहिती नाही."

"उताऱ्यात तिच्याबद्दल एवढंच आहे बाबा, की ती गेली."

"अगं, डोकं चालव की जरा! बाजार नाही, शेजार नाही, माहेर बोटीने दोन दिवसांवर. सुखी कशी असेल? उत्तर, चूक."

"असेलही सुखी," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "रखवालदार दिवसभर वर दिव्यापाशी असेल, तर."

सासऱ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढचा उतारा हत्तींच्या झोपेवर होता. हत्ती आडवे झोपतात की उभे, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, पण सासऱ्यांनी लहानपणी सर्कशीत एक हत्ती झोपलेला पाहिला होता आणि त्या हत्तीच्या साक्षीवर सुनेचा आणखी एक गुण गेला. व्याकरणातही तेच. जिथे कोणी काय केलं हे सरळ सांगणारं वाक्य निवडायचं असे, तिथे ते 'निर्णय घेण्यात आला' अशा वळणाचं वाक्य निवडत. अशा वाक्यात निर्णय घेणारा शोधून सापडत नाही, आणि त्यांच्या मते सुसंस्कृत भाषेचं लक्षण तेच होतं.

पाचव्या पेपराला चोवीस आले, सहाव्याला तेवीस. महिना उलटला. घरात आता सुनेच्या इंग्रजीबद्दल आजाऱ्याबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोललं जाऊ लागलं.

"सगळ्यांनाच जमतं असं नाही," नवरा एकदा समजुतीने म्हणाला. "इथली नोकरी काय वाईट आहे?"

"मी इंग्रजीतलीच पुस्तकं वाचून शिकले रे."

"ते शास्त्राचं इंग्रजी. बाबा म्हणतात, भाषा वेगळी गोष्ट आहे."

तिने वाद घातला नाही. वाद घालणं तिला येत नसे. तिला मोजणं येई. तिने सहा पेपरांचे आकडे एका कागदावर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसली. पेपर सोपा असो की अवघड, तिने रजा घेऊन अभ्यास केलेला असो की दोन पाळ्या करून आलेली असो, आकडा बावीस ते चोवीसच्या बाहेर जात नव्हता. माणसाचा आकडा इतका स्थिर राहत नाही. माणूस एखाद्या दिवशी चांगला असतो, एखाद्या दिवशी वाईट. इतका स्थिर आकडा यंत्र देतं, आणि तेही बिघडलेलं.

प्रयोगशाळेत रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी यंत्राला कंट्रोल लावतात. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेली एक छोटी बाटली, जिच्यातली साखर किती ते आधीच माहीत असतं. यंत्राने तेवढीच दाखवली तर यंत्र ठीक. नाही दाखवली तर रुग्णाला बोल लावायचा नाही, यंत्र उघडायचं.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने हीच परीक्षा गेल्या वर्षी दिली होती. तिचं पुस्तक तेच होतं, उत्तरांच्या पानांसकट.

"घेऊन जा की," ती म्हणाली. "पण आता उत्तरं पाहून काय करणार?"

"कंट्रोल लावायचाय."

"कोणाला?"

"सासऱ्यांना."

सहकारिणीने हातातली नळी स्टँडमध्ये नीट ठेवली आणि मग हसली. आधी हसली असती तर नमुना सांडला असता.

जेवणाच्या सुट्टीत सुनेने सातवा पेपर घेतला आणि मागची चाळीसही उत्तरं उत्तरपत्रिकेत उतरवली. दोन ठिकाणी मुद्दाम आधी दुसरं काही लिहून खोडलं, म्हणजे नमुना नेहमीसारखा दिसेल. संध्याकाळी पेपर सासऱ्यांकडे दिला. ते दार लावून बसले आणि पाऊण तासाने बाहेर आले.

"तेवीस," ते म्हणाले. "आणि एक सांगू का, यावेळी तू लक्षच दिलं नाहीस."

एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा प्रयोगशाळेतला नियम. तिने आठवा पेपरही तसाच दिला. बावीस आले. मग आपल्या आधीच्या सहा पेपरांच्या उत्तरपत्रिका घेऊन ती सहकारिणीच्या पुस्तकाशी ताडून पाहत बसली. चौतीस, छत्तीस, तेहतीस, सदतीस, पस्तीस, छत्तीस. तिने पुन्हा एकदा मोजलं. मग शेवटची तारीख पाहिली. फॉर्म भरायची मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत होती.

रविवारी सकाळी अकराला सगळे बाहेरच्या खोलीत होते. नवरा मोबाईलमध्ये, सासूबाई इस्त्री करत, सासरे वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करत. सुनेने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"बाबा, सातव्या पेपराची उत्तरं जरा दाखवता का? पुस्तकातली पानं."

"का बरं?"

"मला माझ्या चुका बघायच्या आहेत."

शिकायची इच्छा दिसल्यावर सासऱ्यांना नेहमीच भरून येई. त्यांनी कपाटातून पानं आणली आणि उघडून तिच्यापुढे ठेवली. सातव्या पेपराच्या चाळीस उत्तरांपैकी सतरा नीट आडवी रेघ मारून खोडलेली होती. प्रत्येक रेघेवर सुवाच्य अक्षरात नवं उत्तर होतं आणि प्रत्येक नव्या उत्तराशेजारी सासऱ्यांची छोटी सही आणि तारीख होती. कार्यालयात खाडाखोडीला तशीच सही लागते, नाहीतर ती ग्राह्य धरत नाहीत.

"हे तुम्ही बदललंत?"

"बदललं नाही, दुरुस्त केलं. पुस्तकात चुकाच इतक्या! छापणाऱ्यांना काही कळतं की नाही? प्रत्येक पेपरात सतरा-अठरा आहेत. मी प्रकाशकाला पत्र लिहायच्या विचारात आहे."

नवरा मोबाईलमधून वर बघून म्हणाला, "बघ. किती बारकाईने तपासतात."

"बाबा," सून म्हणाली, "सातवा पेपर मी सोडवला नव्हता. दुसऱ्या पुस्तकातली उत्तरं बघून उतरवला होता. चाळीसच्या चाळीस."

सासूबाईंनी इस्त्रीवरून मान वर केली.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकतीस वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता, तरी ते गडबडले नाहीत.

"म्हणजे तू कॉपी केलीस," ते म्हणाले.

"हो."

"माझ्या घरात! कॉपी करूनसुद्धा तेवीसच! मग विचार कर, तुझी तयारी किती कच्ची आहे!"

"तू बाबांना फसवलंस?" नवरा म्हणाला.

"मी बाबांना तपासलं. आधीचे सहा पेपर माझे होते. त्यांत मला चौतीसपासून सदतीसपर्यंत आहेत. हा घे कागद, माझी आणि पुस्तकातली उत्तरं शेजारी-शेजारी लिहिली आहेत. स्वतः मोज."

नवऱ्याने कागद घेतला, पण मोजलं नाही. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. मोजल्यावर जे येईल त्याचं काय करायचं, हे अजून ठरलं नव्हतं.

"तुझा प्रश्न उत्तरांचा नाही, तुझा प्रश्न वृत्तीचा आहे," सासरे म्हणाले. "उद्या परीक्षकांनी असेच छापील चुकीच्या उत्तरांवरून पेपर तपासले, तर तुला गुण मिळतीलही. पण ते खरे असतील का?"

"मला तेच हवेत, बाबा."

"चुकीचे?"

"त्यांचे."

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "किती वाजता बंद होतो गं तो फॉर्म?"

"बाराला."

"मग बोलत काय बसलीस? भर." आणि शर्टाची कॉलर उलटत त्या सासऱ्यांकडे न बघता म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मी पण तेविसावरच आहे."

सासऱ्यांना या वाक्यात काही दुरुस्ती सुचली असावी, कारण त्यांनी तोंड उघडलं. पण नेमकी कुठे करायची ते चटकन सापडलं नाही, आणि तेवढ्यात सून लॅपटॉपसमोर बसलीसुद्धा. नाव, जन्मतारीख, शिक्षण, परीक्षेचं केंद्र. सासरे तिच्यामागे येऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या हातात अर्ज असताना लांब बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"जन्मतारीख पुन्हा बघ. शिक्षणाच्या रकान्यात विद्यापीठाचं पूर्ण नाव लिही. हे काय आहे?"

"तयारी कशी केली, असं विचारलंय. शिकवणी, संस्था की स्वतः."

सासऱ्यांनी तो रकाना दोनदा वाचला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तिथे मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाक."

"नावाला जागा नाही, बाबा."

"मग 'संस्था' निवड."

तिने 'स्वतः' निवडलं.

"हे वस्तुस्थितीला धरून नाही," सासरे म्हणाले. "अगं थांब. एकदा मला सगळा अर्ज शांतपणे वाचू दे. घाई कसली? अजून पंचवीस मिनिटं आहेत. तीन ठिकाणी तर मला आत्ताच..."

नवरा उठून आला. न मोजलेला कागद अजून त्याच्या हातात होता. "बाबा म्हणतात तर एकदा वाचू दे ना," तो म्हणाला. "दहा मिनिटांनी काय बिघडतं?"

तिने बटण दाबलं.

पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि इंग्रजीत एक वाक्य उमटलं. सासऱ्यांनी पुढे वाकून ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं आणि सवयीने घरातल्या सगळ्यांना त्याचा अर्थही सांगितला.

"अर्ज स्वीकारण्यात आला आहे. आता यात कोणतीही दुरुस्ती करता येणार नाही."

अर्थ अगदी बरोबर होता.