दोन चमचे टॉनिक

आमचे हे कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर कामाला होते. दर चार महिन्यांनी रक्तदान करून यायचे आणि "आज हलकं वाटतंय" म्हणायचे. पंचेचाळिशीनंतर ते थकायला लागले, सांधे धरायला लागले. रक्त वाटत फिरल्यावर दुसरं काय होणार? मी शपथ घालून ते बंद पाडलं आणि रोज जेवणानंतर दोन चमचे लोहाचं टॉनिक सुरू केलं. डॉक्टरला कशाला विचारायचं? घरातली डॉक्टर मीच! हे तोंड वाकडं करून म्हणायचे, "बाईसाहेब, लेथ गिळल्यासारखं वाटतं." पण सहा वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

यकृत निकामी होऊन ते गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. शरीर लोह साठवून ठेवतं, पण जास्तीचं बाहेर टाकायला त्याच्याकडे वाट नसते. यांचं शरीर जन्मापासूनच गरजेपेक्षा जास्त लोह घेऊन यकृतात भरत होतं. "वेळोवेळी रक्त काढत राहणं, हाच उपाय असतो," त्या म्हणाल्या. "त्यांनी कधी रक्तदान केलं होतं का?"

मी "नाही" म्हणाले.

आता तोच दोष मुलात निघालाय. काल त्याच्या दंडातून पिशवीत रक्त उतरत होतं आणि मी उशाशी बसले होते. त्याचा चेहरा पांढरा पडलेला पाहून "पुरे आता" अगदी ओठांवर आलं. ते मी गिळलं आणि नर्सला म्हणाले, "घ्या, बाई. हवं तेवढं घ्या."