अक्षरं मोठी होत गेली

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. मला रंग नाही, वास नाही, वजन तर मुळीच नाही. तीनशे-सव्वातीनशे ओळी, एवढाच माझा संसार. लिहिण्याचा प्रोग्राम उघडला की तो आधी मला वाचतो. अक्षर केवढं दिसावं, पडदा काळा असावा की पांढरा, कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं, हे सगळं मी सांगेन तसं होतं.

माझा जन्म दूर देशातल्या सेमारांग शहरातला. मला लिहिणारी रेत्नो तेव्हा कॉलेजात शिकत होती. पहिल्या दिवशी माझ्यात चारच ओळी होत्या. पुढे तिला प्रोग्राम लिहिण्याची नोकरी लागली, आणि काही अडलं की ती माझ्यात एक ओळ घालू लागली. सोळा वर्षांत तिने चार कॉम्प्युटर जुने करून टाकले, पण मला प्रत्येक वेळी उचलून नव्यावर नेलं. "ही फाइल म्हणजे माझा उजवा हात आहे," असं ती लोकांना सांगायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

अलीकडे माझी तीन घरं होती. एक ऑफिसात, एक तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर आणि तिसरं करांगवुनी गावात, तिच्या वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर. एका घरी माझ्यात बदल झाला की मिनिटभरात तो बाकीच्या दोन घरी पोचायचा. पण पोचायचं ते फक्त लिहिलेलं. तिथे कोण बसलं होतं, काय बोललं गेलं, ते तिथल्या तिथेच राहायचं. मी तुमच्याशी बोलते आहे ती रेत्नोच्या लॅपटॉपवरची; तो ती पिशवीत घालून रोज ऑफिसातही नेते.

तिचे वडील पाक जुमादी, म्हणजे जुमादीराव, शाळामास्तर होते. त्यांचं गाव समुद्र हळूहळू गिळत होता. भरतीचं पाणी घरात शिरतं त्याला तिकडे रोब म्हणतात. तो दर वर्षी एकेक गल्ली पुढे सरकत होता. मास्तर बुडालेल्या घरांबद्दल लिहून ठेवत होते. कुणाचं घर, अंगणात कोणतं झाड, विहिरीचं पाणी गोड की मचूळ. डोळे अधू झाले तेव्हा रेत्नोने त्यांच्यासाठी एक कळ नेमून दिली. ती दाबली की अक्षर दोन आकड्यांनी मोठं व्हायचं आणि तो आकडा माझ्यात कायमचा लिहिला जायचा. हा आकडा फक्त त्यांच्यापुरता वेगळा ठेवायचं तिच्या मनात होतं, पण ते राहून गेलं. त्यामुळे मास्तरांनी तिकडे कळ दाबली की इकडे ऑफिसात रेत्नोची अक्षरं टम्म फुगायची.

"बापाक कामाला बसले," ती हसून म्हणायची. वडिलांना ती बापाक म्हणायची आणि आईला इबू.

माझ्यात काही ओळी अशाही असतात की त्या प्रोग्राम वाचत नाही. त्या माणसांनी माणसांसाठी लिहायच्या. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते त्यात लेकीला निरोप लिहू लागले. 'रेत्नो, खोकला गेला का?' मग ती खाली उत्तर लिहायची, 'गेला. तुम्ही औषध घेतलंत का?' रेत्नो मला घेऊन गावी गेली की हे वाचून दाखवायची, तेव्हा तिची आई सुमिराह म्हणायची, "फोन कशाला घेऊन दिलाय मग तुम्हा बापलेकीला?"

उपवासाचा महिना संपला आणि मास्तर गेले. माझ्यातला आकडा तेव्हा बावीस होता. रेत्नोने आईला सेमारांगला आपल्या घरी आणलं. "लॅपटॉप आणू या का, इबू?" असं तिने विचारलं होतं. "राहू दे तिथेच. त्यांची जागा आहे ती," आई म्हणाली. उंच फळीवर लॅपटॉप तसाच ठेवून घराला कुलूप लावलं. रेत्नोने आकडा चौदावर आणला. वडिलांचे निरोप मात्र तिने पुसले नाहीत.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. पुढच्या शुक्रवारी दुपारी माझ्यात आकडा बदलला. चौदाचे सोळा, सोळाचे अठरा. एकेक पायरी चढत तो चोवीसला थांबला. बदल आला होता तिसऱ्या घरून.

रेत्नोने त्या तिसऱ्या घराचं नाव दोनदा वाचलं. शेजारच्या खुर्चीतून तिच्या सहकाऱ्याने, तेगुहने, मान लांबवली. तो तिच्यापेक्षा लहान, तिला म्बा म्हणजे ताई म्हणणारा, आणि जिभेला हाड नसलेला.

"म्बा, एवढ्या मोठ्या अक्षरांत? मॅनेजरला त्याच्या खोलीतून वाचता येईल ना."

"तेगुह, गप्प बस जरा."

"काय झालं?"

"हे बापाकच्या लॅपटॉपवरून आलंय."

तेगुहचं हसू मावळलं.

तिने आकडा पुन्हा चौदा केला. मंगळवारी दुपारी तो पुन्हा चोवीस झाला. शुक्रवारी पुन्हा. दर वेळी पाच पायऱ्या, त्याच संथ गतीने, जणू कुणी दर पायरीला थांबून डोळे बारीक करून बघत होतं. मित्रांनो, मला डोळे नाहीत. पण आपल्याला कुणीतरी निरखतं आहे, हे तेव्हा मला कळत होतं.

रेत्नोने गावच्या शेजाऱ्याला, पाक कार्सोनोला, फोन लावला. "पोरी, कुलूप जसंच्या तसं आहे," तो म्हणाला. "ओसरीपर्यंत पाणी आहे. तिथे कोण मरायला जातंय?"

त्या संध्याकाळी आई सोयाबीनचे तेंपे तळत होती. रेत्नोने सहज विचारल्यासारखं विचारलं, "इबू, गावच्या घराची किल्ली कुठाय?"

"असेल फडताळात. का गं?"

"काही नाही."

तेल तेवढं चुरचुरत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी तेगुह ऑफिसात म्हणाला, "म्बा, रागावू नका. तो लॅपटॉप यादीतून काढून टाका. एक ओळ तर पुसायची. त्यांनाही सुटका मिळेल आणि तुम्हालाही."

रेत्नो स्वतःच्या लॅपटॉपवर मला उघडून बसली. माझ्यातल्या घरांच्या यादीत तिसऱ्या घराचं नाव असलेल्या ओळीवर ती आली. मी वाट पाहत होते. तेवढ्यात आकडा हलला.

सोळा. अठरा. वीस. चोवीसला तो थांबला नाही. तीस. चाळीस. या वेळी मधे कुठे विसावाच नव्हता. साठ. नव्वद. शेवटी पडद्यावर एकच अक्षर मावू लागलं, आणि तेही कडेने कापलेलं. रेत्नोने घाईने आकडा खाली आणला. तेव्हा माझ्या तळाशी, मास्तरांच्या जुन्या निरोपांखाली, एक नवी ओळ दिसली. वेळ होती चार वाजून सात मिनिटं.

'रेत्नो, इबू इथे आहे.'

तिने घरी फोन केला. कुणी उचलला नाही. शेजारीण म्हणाली, "तुझी आई दुपारीच गेली की प्रार्थनेच्या मंडळात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाते ना ती?" मग रेत्नोने पाक कार्सोनोला फोन लावला.

"रोब चढलाय, पोरी. नेहमीपेक्षा फार जास्त. वीजही गेली. पण..." तो घुटमळला. "तुमच्या खिडकीत उजेड आहे."

मला पिशवीत कोंबून रेत्नो धावली. पुढचं मी पिशवीतून ऐकलं. आधी तेगुहच्या मोटारसायकलचा आवाज, मग होडीच्या तळाशी आपटणारं पाणी. गल्लीत माणसाचा आवाज नव्हता. पाक कार्सोनो पुटपुटला, "पुढून नको. मागचं स्वयंपाकघराचं दार उघडं दिसतंय."

"इबू!"

"आलीस?" आतून आवाज आला. बारीक होता, पण शांत. "पाय जपून टाक, उंबरा दिसायचा नाही."

नंतर रेत्नोच्या बोलण्यातून कळलं, सुमिराह टेबलावर चढवलेल्या खाटेवर बसली होती. मांडीवर उघडा लॅपटॉप, आणि पाणी खाटेच्या कडेला लागलेलं. होडीत घेतल्यावर तिचे दात वाजू लागले.

"वेडी आहेस का तू?" रेत्नो रडत ओरडली. "मला सांगायचं नाही?"

"तू येऊ दिलं असतंस का? मागच्या दाराची किल्ली घेऊन मंगळवारी-शुक्रवारी येत होते. चाळीस वर्षं जेवायला हाका मारल्या मी त्या माणसाला. हा काय लिहितो, ते एकदाही विचारलं नाही. म्हटलं, आता तरी वाचावं. हळूहळू वाचता येतं मला, अक्षर मोठं असलं की. वाचत वाचत चिंचेच्या गल्लीपर्यंत आलेय. पुढे माझं माहेर आहे."

"आणि फोन?"

"पडला पाण्यात. मग आठवलं, तुझे बापाक म्हणायचे, इथे अक्षर मोठं केलं की तिकडे रेत्नोला कळतं. म्हणून दाबत सुटले ती कळ."

रेत्नोने नाक ओढलं. "आणि मग निरोप लिहिलास."

"कसला निरोप?"

"इबू इथे आहे, म्हणून."

"अगं, मला ती एकच कळ ठाऊक आहे. त्यांनीच दाखवलेली. लिहिता कुठे येतं मला?"

पाक कार्सोनोने वल्ही थांबवली. मग तो पुन्हा वल्हवू लागला, आधीपेक्षा जोरात.

मित्रांनो, मी खोटं सांगत नाही. तिसऱ्या घरी काय झालं, त्यातलं माझ्यात लिहिलं गेलं तेवढंच मला माहीत आहे. जुना लॅपटॉप खाऱ्या हवेने पुढच्या आठवड्यात बंद पडला. त्याआधी रेत्नोने मास्तरांचं सगळं लिखाण उतरवून घेतलं. आता सुमिराह रोज तिच्याजवळ बसून वाचते. माहेरच्या पानावर ती तीन दिवस अडून राहिली होती. अंगणातल्या पेरूचा उल्लेख तिने रेत्नोला दोनदा वाचून दाखवला.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या आयुष्यातही अशा जुन्या ओळी असतील. कुणी घातल्या, कशासाठी, ते आठवत नसेल. जागा अडवतात म्हणून त्या पुसायला हात जाईल. पुसण्याआधी जरा थांबा, कुणालातरी विचारा. आणि नवी ओळ घालाल तेव्हा शेजारी कारण लिहून ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल.

रेत्नोने तसंच केलं. त्या निरोपाच्या शेजारी तिने लिहिलं आहे: 'ही ओळ पुसू नये. कुणी लिहिली माहीत नाही. काम करते.'