कातडं तुमचं, हाडं आमची

मी भुऱ्या बोलतोय. खरं तर भुंकूनच सांगितलं असतं, पण हल्ली भुंकणं बंद आहे. का, तेच सांगायचंय, आणि सांगताना मान खाली जाते.

माझा जन्म हिवरखेडच्या शिवारातला, वामनरावांच्या शेतात, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली. जात कुठली म्हणाल, तर गावठी. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की त्यांना हाकलायचं, हे माझं काम. दुपारी वामनराव फडक्यातली भाकर सोडायचे, पहिला तुकडा मोडायचे आणि हात उचलून म्हणायचे, "बस रे भुऱ्या." मी बसायचो आणि त्यांच्या हातातून खायचो. माझी शाळा एवढीच.

पुढे वामनरावांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा अंकुर त्यांना अकोल्याला घेऊन निघाला, तर म्हातारा माझ्याशिवाय गाडीत बसेना. आलो मग मीही.

शहरात माझी अक्कल चालेना. गॅसवाला आला, भुंक. स्कुटी आली, धाव. एकदा शेजारच्या बेबीताई लग्नाला निघाल्या होत्या. मी प्रेमानं त्यांच्या नव्या शालूवर दोन्ही पाय ठेवले. "अवं माय वं!" म्हणून त्या जिन्यातच बसल्या. त्या संध्याकाळी अंकुर म्हणाला, "बाबा, याले शिकवू, नाही तं वावरात सोडून येऊ."

"मंग मले बी सोडून ये," वामनराव म्हणाले. पण हळूच, पुटपुटल्यासारखं. मुलाच्या घरात माणसाला किती हट्ट करता येतो?

म्हणून कुलदीप सर आले. कुत्र्यांना वळण कसं लावायचं ते अमरावतीला शिकून आलेले. त्यांच्या मोबाईलमध्ये मोठमोठी विलायती कुत्री रांगेत बसलेली दिसत. वामनरावांनी हात जोडले. लहानपणी त्यांच्या बापानं त्यांना शाळेत सोडताना मास्तरांना जे म्हटलं होतं, तेच ते म्हणाले, "गुरुजी, कातडं तुमचं, हाडं आमची. घ्या घडवून याले." सर खूश झाले.

सून आरती तेवढी म्हणाली, "आमी पायलं तर चालते का, कसं शिकवता ते?"

"मालक समोर असला का कुत्रं लाडात येते," सर म्हणाले.

"सरले काय इचारून राहिली?" अंकुर खेकसला. आरती ओशाळली आणि चहा ठेवायला आत गेली. मास्तराला प्रश्न विचारायचा नसतो, ही या घरची जुनी रीत.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर माझी शिकवणी सुरू झाली. गळ्यात साखळी, ओढली की आवळणारी. सर काहीतरी इंग्रजी बोलत. मला कळेना. मग हिसका, नाही तर पोटात बूट. मला वाटे, चूक माझीच. एवढा मोठा माणूस उगाच कशाला मारेल? बसायचं कधी, उठायचं कधी, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. मी फक्त साखळी धरलेल्या त्यांच्या उजव्या हातावर नजर ठेवायला शिकलो. हात उचलला की जमिनीला चिकटायचं, आणि भुंकायचं तर नाहीच.

आणि सगळे म्हणाले, भुऱ्या सुधरला! बेबीताईंनी डोक्यावरून हात फिरवला. अंकुरनं व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. मला मात्र लाज वाटे. रानडुकराच्या अंगावर जाणारा मी, आणि माझ्या भित्रेपणाचं कौतुक चाललं होतं.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले. वामनरावांनी भाकर मोडली, पहिला तुकडा घेतला आणि हात उचलला. "बस रे भुऱ्या."

मला भाकर दिसलीच नाही, नुसता हात दिसला. मी फरशीवर सपाट झालो आणि तिथंच, ताटांच्या शेजारी, माझी लघवी सुटली. अन्नाजवळ घाण मी जन्मात केली नव्हती. दिवाणाखाली घुसलो. वाटलं, आता वावरात सोडलं तरी बरं.

कुणी ओरडलं नाही. वामनराव दुखरे गुडघे मोडून खाली बसले, दिवाणाखाली हात घालून त्यांनी माझी मान चाचपली. केसांखाली साखळीचे व्रण होते.

"आरती, तू इचारलं व्हतं," ते म्हणाले. "म्या कावून नाही इचारलं वं?"

"जाऊ द्या ना, मामाजी."

"नाही, जाऊ कसं देऊ? शाळंत मास्तरनं हात उचलला का माही चड्डी ओली व्हये. आजलोक कोनाले सांगतलं नाही. अन् तेच याच्यावर आनलं म्या."

अंकुर ताटावरून उठला. त्यानं फडकं आणलं आणि माझी घाण स्वतः पुसली. बापाकडे त्याला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर आले, तेव्हा वामनराव दारात उभे होते. "गुरुजी, म्या चुकीचं बोललो व्हतो. हाडं आमची, अन् कातडं बी आमचंच हाये."

"कुत्रं बिघडंल तुमचं," सर म्हणाले.

"बिघडू द्या," आरती म्हणाली. "आमच्या समोर बिघडंल."

आता आरती शिकवते. चारही पाय जमिनीवर ठेवले की भाकरीचा तुकडा. तोही ती खाली ठेवते. मी हळूहळू शिकतोय. बेबीताई आता पुन्हा मला लांबूनच वळसा घालतात, पण वावराचं नाव अंकुर काढत नाही.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कुणाच्या हाती द्याल, तर आधी तिथं उभं राहून बघा. बघू देत नसतील, तर घरी घेऊन या. आणि तो एकदम गुणी झाला, तर पेढे वाटण्याआधी त्याच्यासमोर नुसता हात उचलून बघा.

वामनराव रोज दुपारी जमिनीवर बसतात. भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवून हात खाली, फरशीला टेकवून धरतात आणि तोंड दुसरीकडे फिरवतात. मी जवळ जातो, वास घेतो, मागे सरतो. तुकडा वाळतो. हात तसाच असतो.