बक्कल पुढच्या बाजूला

"करंगळी राहिली दादा, हात इकडे आण," असं म्हणत तिने भावाच्या शर्टाची बाही वर सारली, आणि नेलकटर तसंच हातात राहिलं.

दादा राहायचा त्या संस्थेत रविवारी येऊन त्याची नखं कापायची, हे आईचं काम. आई गेली तेव्हा ते लेकीकडे आलं. शिवणाच्या दुकानाची किल्ली आली, जुनं मशीन आलं, तसंच. दादाचे हात जन्मापासूनच त्याचं ऐकत नसत. नेलकटर जवळ आलं की बोटं आधी घट्ट मिटायची, मग एकदम पंख्यासारखी उघडायची. त्या उघडण्यात नख पकडायचं. ही आईची युक्ती आता कुठे तिच्या हातात बसू लागली होती.

दादाच्या मनगटावर लाल पट्टा उमटला होता. कडेने नागमोडी रेघ, आणि मध्येच एका जागी रेघ तुटलेली. थोडं पुढे पुन्हा तुटलेली. आईचं मशीन म्हातारं झालं होतं, अधूनमधून एक टाका खायचं. दुरुस्तीवाला म्हणाला होता, आता याचा स्वभाव समजा. ती त्या रेघेकडे बघत राहिली. शिवणारी बाई नवऱ्याचं अक्षर विसरेल, आपली टीप विसरत नाही.

"मामा, हे काय आहे?"

संस्थेतल्या मदतनिसाला सगळे मामाच म्हणत. मामा दारातल्या एका खुर्चीच्या चाकात हवा भरत होते. मान वर न करता म्हणाले, "राजे हात आपटतात हो ताई. रक्त गरम आहे राजांचं." दादा चाकाच्या खुर्चीत ताठ बसायचा म्हणून मामांनी त्याला राजे करून टाकलं होतं.

"आपटून अशी नक्षी उमटत नाही, मामा."

मामांनी पंप थांबवला, पुन्हा सुरू केला.

ती उठून जेवणघरात गेली. भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या, आणि चार खुर्च्यांच्या हातांना पट्टे लटकत होते. अरुंद, निळ्या जाड कापडाचे. तिनेच शिवलेले.

पट्ट्यांची सुरुवात आईपासून झाली होती. दादा खुर्चीतून पुढे घसरायचा, म्हणून आईने कमरेला घेण्याचा रुंद पट्टा शिवला, आत कापूस भरून, उशीसारखा. तो बघून संस्थेने आणखी मागितले आणि आईने हौसेने शिवून दिले. आईची अट एकच, बक्कल पुढे, पोटावर, हाताला लागेल असं. "खुर्चीत माणूस बसलाय, पोतं नाही," आई म्हणायची. "त्याला वाटलं तर त्याचं त्याला सोडता आलं पाहिजे." दादाला बक्कल उघडायला शिकायला सगळा उन्हाळा लागला होता. ज्या दिवशी ते उघडलं त्या दिवशी तो खुर्चीतून सरळ खाली पडला, आणि जमिनीवर पडल्यापडल्या हसत होता. आईही हसत होती. बहिणीलाच तेवढी भीती वाटली होती.

आई गेल्यावर थोड्याच दिवसांत संस्थेतून फोन आला. आईंचे पट्टे विरलेत, नवे शिवून द्याल का, जरा अरुंद हवेत आणि बक्कल मागे घ्या, जेवल्यावर पोटाला टोचतं. तिने का असं विचारलं नाही. आईचं काम बंद पडलं नाही, एवढाच विचार तिच्या मनात होता. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती संध्याकाळभर मशीनवर बसली होती, आणि किती तरी दिवसांनी तिला बरं वाटलं होतं.

संचालिकाबाईंनी तिला समोर बसवलं, चहा मागवला. त्या वाईट बाई नव्हत्या. तीच तर पंचाईत होती. त्यांनी काहीच नाकारलं नाही. जेवणाच्या वेळी हात बांधावे लागतात, म्हणाल्या. नाहीतर ताटं उडतात, गरम आमटी शेजारच्याच्या अंगावर जाते, एकदा एकीचा डोळा थोडक्यात वाचला. जेवणाला माणूस एकच. दुसरा मागून मागून आमची जीभ झिजली. आणि मग अगदी मायेने, "तुम्हालाच माहीत आहे ना, पट्टे तुमच्याकडूनच आलेत. आईंची कल्पना किती छान होती."

"आईची कल्पना ही नव्हती."

"बरं, मग तुम्ही सांगा, मी काय करू?"

पुढे जे जे कोणी भेटलं त्या प्रत्येकाने तिला हेच विचारलं. जणू ती तक्रार घेऊन आली नव्हती, नोकरीच्या मुलाखतीला आली होती.

निघण्याआधी ती दादाजवळ बसली. त्याची मान मागे गेली, जबडा एका बाजूला वळला. बोलण्याआधी त्याचं असं व्हायचं. शब्द विहिरीतून ओढून काढावा लागायचा, आणि दोर ओढणारे हातही त्याचे नसायचे. अनोळखी माणसाला वाटायचं, हा काही बोलणार नाही. आई अशा वेळी सुई घेऊन दोरा ओवत बसायची. कोणी आपल्यासाठी खोळंबलंय असं त्याला वाटू नये म्हणून.

"ठमे," तो म्हणाला. लहानपणी आईने तिला ठेवलेलं नाव. आता या जगात ते वापरणारा तो एकटाच. "तू... शिवलंस."

तो रागावला नव्हता. त्याने फक्त सांगितलं. रागावला असता तर तिला सोसलं असतं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, आपल्याकडे आणू त्याला. मनापासून म्हणाला. मग दोघांनी टेप घेऊन न्हाणीघराचं दार मोजलं. चाकाची खुर्ची आत जाणार नव्हती. जिने तर मोजावेच लागले नाहीत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवऱ्याने तळमजल्याच्या जागेसाठी चार ठिकाणी शब्द टाकला. दादाबद्दल ऐकल्यावर दोन घरमालकांना अचानक आठवलं की जागा पुतण्याला द्यायची आहे.

इकडे सोमवारीच दुकान बंद ठेवून ती सरकारी कचेरीत गेली. खिडकीतल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रार त्यांची आहे की तुमची?"

"त्याचीच. मी सांगतेय."

"त्यांना बोलता येतं?"

"येतं. वेळ लागतो."

"मग ते स्वतः का नाही आले?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कचेरीला पायऱ्या होत्या, ती आत्ताच चढून आली होती. पण हे बोलून दाखवायचाही तिला कंटाळा आला. पुढे तीन टेबलं झाली. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी निदान पेन उचललं, आणि म्हणाल्या, तपासणीला माणूस पाठवू.

तपासणीचे साहेब आले तेव्हा जेवणघर चकाचक होतं आणि खुर्च्यांच्या हातांवर काही नव्हतं. सगळ्यांना धुतलेले शर्ट. दादाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. साहेब खुर्ची ओढून दादासमोर बसले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "काय, बरे आहात ना?"

दादाची मान मागे गेली.

साहेब हसून थांबले. पुन्हा हसले. घड्याळाकडे पाहिलं.

"तो म्हणतोय, बरा आहे," संचालिकाबाई म्हणाल्या.

"तो अजून काहीच म्हणाला नाही," ती म्हणाली.

"अहो, त्रास होतोय त्यांना. राहू दे," साहेब म्हणाले.

"त्रास त्याला होत नाही साहेब. आपल्याला होतोय. थांबा."

तिने पिशवीतून सुई काढली, रीळ काढलं आणि दोरा ओवायला घेतला. दोरा दोनदा चुकला. बाहेर कुणाचा तरी फोन वाजून थांबला. साहेबांनी पाय हलवायला सुरुवात केली, मग तेही सोडून दिलं.

"हात... बांधतात," दादा म्हणाला. पुन्हा विहीर, पुन्हा दोर. "ओरडलो... की... नंतरही... तसंच... ठेवतात."

साहेब सावरून बसले. "कोण ठेवतं?"

मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. दादाने मामांकडे पाहिलं, बराच वेळ. ती मनातल्या मनात म्हणत होती, सांग, सांग बाबा, एकदाच सांग.

"मामा... एकटाच... असतो," दादा म्हणाला.

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. "म्हणजे मनुष्यबळाचा प्रश्न आहे," ते उठत म्हणाले. तिला दादाचा इतका राग आला की ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. अख्ख्या खोलीत दुसऱ्याची बाजू मांडणारा एकटा तोच निघाला होता, आणि नेमकं तेच वाक्य सगळ्यांच्या सोयीचं ठरलं होतं.

मामा तिच्या मागून फाटकापर्यंत आले. "ताई, राजांनी माझं नाव घेतलं असतं तरी मी काही बोललो नसतो." मग म्हणाले, "पण खरं सांगतो, देवाने मला दोनच हात दिलेत. संस्थेने त्यात एकाचीही भर घातली नाही."

"म्हणून त्याचे बांधायचे, मामा? जेवण झाल्यावरही?"

मामांनी फाटकाची कडी तिच्यासाठी उघडून धरली.

निकाल फोनवर आला. संचालिकाबाईंचा आवाज प्रसन्न होता. साहेबांनी सूचना केली होती. मनगटाला घासू नये म्हणून पट्ट्यांना आतून मऊ अस्तर लावावं. "म्हटलं, तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? आईंचाच हात तुमच्या हाताला."

तिने फोन ठेवला आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिली. नवऱ्याने काय झालं विचारलं, तिने सांगितलं. तो आधी चिडला, मग त्याला हसू आलं.

"काय करणार तू?" त्याने विचारलं.

"अस्तर लावते म्हणून सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या घंटेआधी ती संस्थेत पोचली. मामांना म्हणाली, सगळे पट्टे आणा, एकही मागे ठेवू नका. मामांनी निळा ढीग तिच्या मांडीवर आणून टाकला. "आणि आईचे जुने असतील तर तेही." ते अडगळीच्या खोलीत होते. मामा धूळ झटकून एक घेऊन आले. रुंद, विटलेला, कापूस एका कोपऱ्यात गोळा झालेला. टाका मात्र एकही सुटला नव्हता. आईच्या वेळी मशीन टाका खात नव्हतं.

ती जेवणघरात दादाशेजारी बसली आणि निळे पट्टे उसवायला लागली. टिपेत टोक घालायचं, दोरा तोडायचा, ओढायचा. बक्कलं एका बाजूला, चिंध्या एका बाजूला. संचालिकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय? अस्तर लावायचं होतं ना?"

"कापडच उरत नाहीये," ती म्हणाली. "जेवणाला मी येत जाईन. जागा मिळेपर्यंत रोज दुपारी दुकान बंद ठेवीन. या टोकाच्या चार खुर्च्या माझ्या. ताटं उडाली तर पुसेन."

"रोज? असं किती दिवस जमणार तुम्हाला?"

तिने पुढचा पट्टा उसवायला घेतला. बाई आपल्या कचेरीत निघून गेल्या. परवानगीचं त्या काही बोलल्या नाहीत, मनाईचंही नाही.

घंटा झाली. मामा ताटं मांडू लागले. तिने आईचा पट्टा दादाच्या कमरेभोवती घेतला आणि दोन्ही टोकं त्याच्या पोटावर ठेवली. दादाने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात निघाला, भलतीकडेच गेला, खुर्चीच्या हातावर आपटला, परत आला. बोटं मिटली. उघडली. बक्कल घरंगळून मांडीवर पडलं. पुन्हा.

"राजे, द्या मी लावतो, जेवण निवतंय," मामा वाकले.

"थांबा मामा," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

पलीकडे एक पेला सांडला. पाणी टेबलाच्या कडेने ठिबकत राहिलं. तिने मान वर केली नाही. दोरा सुईतून गेला, तिने तो काढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून ओवायला लागली. तेव्हा तिच्या शेजारी 'टक्' असा आवाज झाला.

दादा लागलेल्या बक्कलाकडे बघत होता. मग त्याचं त्याने ते उघडलं.